स्टील गिटारला वाली कोण?

वाद्याचे नशीब पुष्कळदा त्याच्या अंगच्या गुणांवर ठरत नाही. कोणत्या दुकानात, कोणत्या पाटीखाली ते विकायला ठेवले गेले यावर ते ठरते. स्टील गिटार हे याचे ठळक उदाहरण होय. आडवी ठेवलेली गिटार, पडद्यांपासून उंच उचललेल्या तारा, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या, एवढ्या सामग्रीवर हे वाद्य वाजते. कांडी तारेवरून न उचलता सरकवली की एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड जाता येते. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात, ती या वाद्याची जणू मातृभाषाच आहे. आणि तरीही गेली सत्तर वर्षे जगातील बहुसंख्य श्रोत्यांच्या लेखी त्याची ओळख एकच राहिली : अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गीतांतून वाढलेल्या ‘कंट्री’ संगीतात गायकाच्या दोन ओळींमधली जागा भरून काढणारा रडवेला सूर.

२०२५ च्या जानेवारीअखेर अमेरिकेतील स्टील गिटारवादक सुझन अल्कॉर्न यांचे निधन झाले. टेक्सासमधील कंट्री वाद्यमेळांत साथ करून त्यांनी उमेदवारी केली. पुढे त्या मेळांतून बाहेर पडून त्यांनी याच वाद्यावर स्वतंत्र, उत्स्फूर्त संगीत मांडले; फ्रेंच रचनाकार मेसियाँ यांच्या संगीतापासून प्रेरणा घेतली आणि अर्जेंटिनाच्या पियाझोला यांच्या टँगो रचनांची ‘सोलेदाद’ ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका २०१५ मध्ये काढली. जाणकारांनी त्यांना मान दिला. तथापि हा मान मिळेपर्यंत त्यांना जवळजवळ प्रत्येक पाऊल स्वतः वाट पाडून टाकावे लागले. जे वाद्य इतके काही बोलू शकते, त्याला एक ठरावीक वाक्य सोडून दुसरे बोलायचे असेल तर एवढे सायास का पडावेत, हा प्रश्न संगीताचा आहे तितकाच अर्थकारणाचाही आहे.

बेटावरून बाजारात

या वाद्याचा जन्म कंट्री संगीतात झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात खलाशी आणि मेक्सिकन गुराखी यांच्याबरोबर गिटार हवाई बेटांवर पोहोचली. तेथील जोसेफ केकुकू (जन्म १८७४) या शाळकरी मुलाने तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवण्याची रीत बसवली, असे मानले जाते. १८९३ मध्ये हवाईची राजसत्ता उलथली गेली आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत सामील करून घेण्यात आली. ज्या राष्ट्राचे स्वातंत्र्य गेले, त्याचे संगीत मात्र विजेत्यांच्या घराघरांत शिरले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनात हवाईच्या मंडपातील वादकांनी लोकांना वेड लावले, आणि पुढील एकदोन वर्षांत हवाईयन ध्वनिमुद्रिकांचा अमेरिकेत प्रचंड खप झाला.

बाजारपेठ मोठी झाली की साधनांत सुधारणा होते, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धांत येथेही खरा ठरला. वाद्याचा आवाज लहान पडतो म्हणून १९२० च्या दशकात धातूच्या अनुनादकाची गिटार निघाली. तेवढ्यानेही भागेना म्हणून १९३२ मध्ये विजेवर चालणारी गिटार विक्रीला आली. आज ज्या इलेक्ट्रिक गिटारच्या नावावर रॉक संगीताचे साम्राज्य उभे आहे, तिचा बाजारात यशस्वी ठरलेला पहिला नमुना हा मांडीवर ठेवून कांडीने वाजवायचा, म्हणजेच स्टील गिटारचा होता. तव्यासारख्या आकारामुळे त्याला ‘फ्राइंग पॅन’ हे टोपणनाव मिळाले. वाद्यशोधाच्या इतिहासात स्टील गिटारने इतरांसाठी रस्ता काढून दिला आणि ती स्वतः मात्र बाजूला राहिली, असे म्हणावे लागते.

पाटीचा लाभ आणि पाटीची किंमत

यानंतरची पायरी पेडलची. तार वाजत असतानाच पायाने पेडल दाबून तिचा ताण बदलावयाचा आणि शेजारच्या तारा जागच्या जागी ठेवावयाच्या, ही युक्ती बड आयझॅक्स याने वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात वापरली. १९५४ मध्ये ते गाणे गाजले आणि कंट्री संगीतातील प्रत्येक वादकाला ही करामत हवीशी झाली. तेथून नॅशव्हिल शहरातील ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला सोयीचे असे वाद्य हळूहळू पक्के झाले : दहा तारा, तीन पेडल, गुडघ्यांनी सरकवायच्या काही दांड्या आणि ‘ई नऊ’ नावाची सुरावट. जॅझकडे झुकणारी ‘सी सहा’ ही दुसरी सुरावट अनेक वाद्यांवर दुसऱ्या दांडीच्या रूपाने उपलब्ध होती. परंतु ज्याची मजुरी गाण्यामागून गाण्यात साथ करण्यावर अवलंबून आहे, त्याला पहिलीच सुरावट पुरेशी होती.

श्रमविभागणीची मर्यादा बाजारपेठेच्या विस्ताराने ठरते, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहून ठेवले. त्याचा अर्थ येथे स्पष्ट दिसतो. कंट्री संगीताच्या मागणीने स्टील गिटारला कारागीर दिले, सुधारित यंत्रणा दिली, वादकांना पोटापाण्याचा धंदा दिला. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्या संगीतातील करुण सुरालाही स्वतःचे सौंदर्य आहे. शहरी रसिकतेने त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु मागणी होती ती साथीची. गाण्याच्या तीन मिनिटांत वादकाच्या वाट्याला येणारे चार-सहा क्षण म्हणजेच वाद्याची पूर्ण शक्ती, असा समज त्या मागणीतूनच रूढ झाला.

बडी एमन्स हे या क्षेत्रातील सर्वांत थोर नाव. वाद्याच्या रचनेत त्यांनी मूलभूत सुधारणा केल्या आणि वाद्यनिर्मितीचे कारखानेही काढले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या नामवंत जॅझ वादकांना सोबत घेऊन त्यांनी ‘स्टील गिटार जॅझ’ ही ध्वनिमुद्रिका काढली. ती ऐकल्यावर या वाद्याला जॅझ झेपणार नाही असे कोणीही म्हणू धजणार नाही. परंतु तिच्यामागे जॅझ स्टील गिटारवादकांची पिढी उभी राहिली नाही. २०१५ मध्ये एमन्स निवर्तले तेव्हाही जगाला त्यांची ओळख होती ती प्रामुख्याने कंट्री संगीतातील सम्राट म्हणून. दुकानदाराने ही ध्वनिमुद्रिका ठेवावी कोठे? कंट्रीच्या फळीवर ठेवली तर तेथील गिऱ्हाईक तिला हात लावणार नाही. जॅझच्या फळीवर ठेवली तर तेथील गिऱ्हाईक वाद्याचे नाव वाचूनच पुढे जाईल. पाटीमुळे ग्राहकाचा शोधण्याचा खर्च वाचतो हे खरे. त्याची किंमत मात्र पाटीत न बसणारा कलावंत मोजतो.

यावर एक आक्षेप संभवतो. बाजार म्हणजे लोकांची आवडनिवड; लोकांना शब्दांवाचून केवळ वाद्य ऐकावयाचे नसेल तर दोष कोणाला द्यावयाचा? हा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही, पण इतिहास त्याला पूर्ण साथ देत नाही. ब्रुकलिनमधील सँटो आणि जॉनी या दोन भावांची ‘स्लीप वॉक’ ही निव्वळ स्टील गिटारची धून १९५९ मध्ये अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती. तीत एकही शब्द नव्हता आणि कंट्रीशीही तिचे नाते नव्हते. नायजेरियात किंग सनी अडे यांच्या ‘जुजू’ संगीतात पेडल स्टील गिटार बोलक्या ढोलांच्या जोडीला बसली. योरुबा ही सुरांच्या चढउतारावर अर्थ बदलणारी भाषा. ढोल ती भाषा बोलतो, आणि सरकत्या स्वरांची गिटार त्या संवादात सहज सामील होते. १९८२ च्या ‘जुजू म्युझिक’ या ध्वनिमुद्रिकेने हा मेळ जगभर नेला. तेव्हा लोक असे संगीत ऐकत नाहीत, हे विधान टिकत नाही. लोक ऐकतात, परंतु बाजाराची हौस लहरी असते. आज डोक्यावर घेतलेले उद्या ती विसरते, आणि वादक घडावयास मात्र वीस वर्षे लागतात. लाट आणि साधना यांच्या मुदतीतील हे अंतर भरून काढणारी दुसरी एखादी व्यवस्था असावी लागते.

बाजाराबाहेरचा आश्रय

अशी व्यवस्था जेथे होती तेथे स्टील गिटार कंट्रीच्या कुंपणाबाहेर बहरली, याचे दाखले आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘हाउस ऑफ गॉड’ या पंथाच्या प्रार्थनामंदिरांत १९३० च्या दशकात ट्रोमन आणि विली ईसन या भावांनी हे वाद्य आणले. ट्रोमनने ते एका हवाईयन शिक्षकाकडून शिकून घेतले होते. जेथे इतर चर्चमध्ये ऑर्गन असतो, तेथे या मंदिरांत स्टील गिटार उपासनेचे मुख्य वाद्य झाली. बापाकडून मुलाकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे विद्या जात राहिली. साठ वर्षे ही परंपरा बाहेरच्या जगाला जवळजवळ अज्ञात होती. १९९७ मध्ये तिची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा रसिक थक्क झाले. ना जाहिरात, ना खपाचे आकडे. तरीही प्रत्येक पिढीत वादक निर्माण झाले, कारण दर आठवड्याला ऐकणारा समाज त्यांच्यासमोर बसलेला होता.

हवाई बेटांचा दाखला नभोवाणीचा आहे. ‘हवाई कॉल्स’ हा कार्यक्रम १९३५ पासून १९७५ पर्यंत, अशी चाळीस वर्षे चालला आणि त्याने स्टील गिटारचा सूर जगभर पोहोचवला. त्याच्या श्रोत्यांपैकी फार थोड्यांनी हवाई बेटे पाहिली असतील. पण त्या सुराला रोजचे घर मिळाले होते. युरोपात इंग्लंडच्या बी. जे. कोल यांनी १९८९ च्या ‘ट्रान्सपरंट म्युझिक’मध्ये देबुसी आणि सती यांच्या रचना पेडल स्टीलवर वाजवल्या. त्याआधी १९८३ मध्ये अपोलो चांद्रमोहिमांवरील चित्रपटासाठी ब्रायन ईनो यांनी केलेल्या संगीतात डॅनिएल लान्वा यांच्या पेडल स्टीलने अंतराळाच्या निःशब्द विस्ताराला सूर दिला. या कृती वाखाणल्या गेल्या. परंतु त्यांच्यामागे मंदिर नव्हते, शाळा नव्हती. म्हणून त्या एकेकट्या बेटांसारख्या राहिल्या.

भारतातील दुसरा जन्म

या सर्व इतिहासात भारताचे स्थान वेगळे आहे. हवाईयन कलापथके विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आशियाभर हिंडत होती. त्यांपैकी ताऊ मो यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि तेथे त्यांनी हे वाद्य शिकवले. बंगालमध्ये हवाईयन गिटार मध्यमवर्गीय घरांत शिरली. कवी काझी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध यांनी ती वाजवली. सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या धुना देशभर ऐकल्या गेल्या. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विद्युत गिटारवर चित्रपटगीतांच्या तबकड्या काढल्या. नभोवाणीवर दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढण्यासाठी लागणाऱ्या अशा धुनांनी एका पिढीचे कान तयार केले. त्या धुना म्हणजे काही थोर संगीत नव्हे, असे म्हणता येईल. पण शब्दावाचून सूर ऐकण्याची सवय त्यांनी लावली, हे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

खरे परिवर्तन घडवले ते ब्रिजभूषण काब्रा (१९३७-२०१८) यांनी. जोधपूरच्या या कलावंताने उस्ताद अली अकबर खाँ यांची तालीम घेतली आणि गिटारवर सिनेगीतांऐवजी राग मांडला. चिकारीची भर घालून, तारा अधिक उंच उचलून त्यांनी परक्या वाद्याला आलापी, जोड आणि गत बोलावयास लावली. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचली. तीत माणिकराव पोपटकर यांचा तबला होता. त्यातील संतूर आणि बासरी यांची आठवण सर्वांना राहिली. गिटारचे नाव मात्र अनेकांना सांगावे लागते. पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासह केलेल्या त्यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काब्रांचे शिष्य देवाशिष भट्टाचार्य यांनी ‘चतुरंगी’ आणि तिच्या भगिनी अशी नवी वाद्ये बनवली.

येथे गिटार एवढ्या लवकर का रुजली? त्याचे कारण तारेवर गोटा किंवा दांडू सरकवून वाजवण्याची कल्पना भारताला परकी नव्हती. उत्तरेत विचित्र वीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम् ही त्याच जातीची वाद्ये होती. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. काब्रांना साथीदाराची नोकरी शोधावी लागली नाही. त्यांना गुरू, राग आणि रात्रभर बसणारा श्रोता या तीन गोष्टींची तयार व्यवस्था मिळाली. अमेरिकेत एमन्स यांच्याजवळ तोडीची प्रतिभा होती, वाद्य अधिक सुधारलेले होते, बाजार कितीतरी मोठा होता. अभाव होता तो केवळ या व्यवस्थेचा.

हार्मोनियमचा धडा

परके वाद्य आपले मानावे की नाही, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. पट्ट्यांच्या पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, हा त्या बंदीमागील मुख्य आक्षेप होता. परंतु त्याच पेटीने मराठी संगीत नाटकाला आधार दिला. गोविंदराव टेंब्यांपासून गोव्याच्या तुळशीदास बोरकरांपर्यंत थोर पेटीवादक झाले. सरकारी खाते पाठीशी नव्हते तेव्हा रंगभूमी आणि बैठक पाठीशी होती. वि. गो. जोग यांनी व्हायोलिनला हिंदुस्थानी संगीतात मानाचे स्थान मिळवून दिले, त्यालाही कोणी आज परके म्हणत नाही. ज्या दोषासाठी पेटी तीस वर्षे दाराबाहेर उभी राहिली, तो दोष ज्या वाद्यात मुळीच नाही, ते आज हक्काच्या आसनावाचून असावे, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे. वाद्याच्या गुणदोषांपेक्षा त्याच्यामागे उभा असलेला समाज निर्णायक ठरतो, हाच त्यातील धडा होय.

आज असा समाज विरळ होत चालला आहे, ही खरी काळजीची बाब आहे. १९८० नंतर कळफलकाच्या विद्युत वाद्यांनी चित्रपटांच्या वाद्यवृंदातून अनेक वादकांना घरी बसवले. इंटरनेटवरील संगीतसेवांमुळे वर उल्लेखिलेले बहुतेक सर्व संगीत आज अल्प खर्चात हाताशी आले आहे. परंतु पुरवठा वाढला म्हणजे श्रोता घडतो असे नाही. दुकानातील फळीची जागा आता गणकयंत्राच्या शिफारशीने घेतली आहे. जे कालपर्यंत ऐकले त्यासारखेच उद्या ऐकवावे, हा तिचा स्वभाव. पाटी गेली असे वाटते, प्रत्यक्षात ती अदृश्य झाली आहे इतकेच.

उपाय खर्चाचे नाहीत

यावर करावयाचे उपाय फार मोठ्या द्रव्यबळाचे नाहीत. आकाशवाणीच्या संग्रहातील वाद्यसंगीत ठरावीक वेळी, वादकाच्या आणि वाद्याच्या नावासह, नियमाने ऐकवता येईल. केवळ दोन कार्यक्रमांमधली फट बुजवण्यासाठी ते वापरणे हा त्याचा अवमान आहे. संगीत महाविद्यालयांना आडव्या गिटारचा एक शिक्षक नेमणे अशक्य नाही. वाद्याचे नाव अभ्यासक्रमात छापल्याने वादक निर्माण होत नाही; समोर बसून हात धरणारा गुरू असावा लागतो. महाविद्यालयांच्या युवक महोत्सवांत आणि गावोगावच्या संगीत मंडळांत वर्षातून एक बैठक केवळ अशा वाद्यासाठी राखून ठेवता येईल. शिक्षक, कारकून, विद्यार्थी या वर्गाने या देशात ग्रंथालये चालवली, व्याख्यानमाला जगवल्या, नाट्यगृहांत तिकीट काढून नाटके तारली. त्याच वर्गाने महिन्यातून एक तास शब्दावाचूनच्या सुराला द्यावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

एक दक्षता मात्र घ्यावयास हवी. संस्थेचा आश्रय म्हणजे कुंपणाचा दुसरा प्रकार होऊ नये. उद्या हे वाद्य केवळ रागसंगीतापुरते, केवळ सन्मानपत्रांपुरते उरले, तर नॅशव्हिलच्या पाटीऐवजी दुसरी पाटी लावल्यासारखे होईल. हवाईचे विरहगीत, प्रार्थनामंदिरातील उन्मेष, योरुबा ढोलाशी संवाद, यमनची आलापी आणि होय, कंट्रीतील तो रडवेला सूरही, हे सारे एकाच पोलादी कांडीखाली नांदू शकते.

हवाई बेटांतील एका मुलाने तारेवर लोखंड सरकवले, त्याला आता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. एवढ्या अवधीत एमन्स गेले, काब्रा गेले, अल्कॉर्न गेल्या. त्यांची वाद्ये उरली, ध्वनिमुद्रणे उरली. वाद्य संग्रहालयात ठेवता येते, ध्वनिमुद्रण कपाटात जपता येते. हात आणि कान मात्र त्या त्या पिढीला नव्याने घडवावे लागतात, आणि ते काम बाजार स्वतःहून कधीच अंगावर घेत नाही.